बंद कारखान्यातील ॲस्बेस्टॉस : काढणे आणि राखणे



वसंतातील या ज्ञानसत्रात आपण दरवर्षी इतिहास ऐकता, वाङ्मय ऐकता, राजकारणही चवीने ऐकता. त्या पंक्तीला आजचा विषय थोडा रूक्षच आहे. चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "बंद पडलेल्या कारखान्यातील ॲस्बेस्टॉस कोणाच्या जिवावर न बेतता कसा काढावा, यावर बोलू." चिटणीस सज्जन गृहस्थ, ते एवढेच म्हणाले, "तासभर पुरेल ना?" आमची अडचण उलट आहे. तासाभरात हे सारे सांगून होईल की नाही, याचीच आम्हांस काळजी आहे.

हाच विषय का घेतला ते आधी सांगतो. वैशाखाचे दिवस आहेत. मृग लागण्यापूर्वी डागडुजी उरकावी म्हणून गावोगाव माणसे छपरांवर चढलेली आहेत. जुने पत्रे उतरतात, नवे चढतात. दोन वर्षांमागे अशाच दिवसांत आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एक जुने वर्कशॉप पाडले जात होते. ते बंद होऊन वीस वर्षे लोटली होती. जागा विकली गेली होती आणि नव्या मालकास पावसाच्या आत मैदान मोकळे हवे होते. चार पोरे छपरावर चढून घणाने सिमेंटचे पत्रे फोडीत होती आणि तुकडे वरून खाली लोटून देत होती. खाली एक बाई ते घमेल्यात भरून ट्रॉलीत टाकीत होती. तिने तोंडाला पदर बांधला होता. तिचे लहान मूल तेथेच करड्या भुकटीच्या ढिगात खेळत बसले होते. आम्ही मुकादमाला गाठले आणि म्हटले, "बाबा रे, ही धूळ वाईट असते. निदान पाणी तरी मार." तो म्हणाला, "साहेब, सिमेंटच आहे ते. आणि पाणी मारायचं तर टँकरचे पैसे कोण देणार?"

त्याच्यावर रागावण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आमचे आयुष्य कारखान्यांच्या शेड उभारण्यात आणि जुन्या शेड उतरविण्यात गेले. तरुणपणी आम्हीही हे पत्रे करवतीने कापून घेतले आहेत, त्यांना कोरडी भोके पाडून घेतली आहेत, आणि वर चढलेल्या माणसांना "लौकर आटपा" म्हणून खालून ओरडलो आहोत. त्या माणसांचे पुढे काय झाले याची चौकशी आम्ही कधी केली नाही. मुकादमाचा तो प्रश्न मात्र मनातून गेला नाही. टँकरचे पैसे कोणी द्यावयाचे? आजच्या साऱ्या विवेचनाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे असे आपणास दिसून येईल.

आता प्रथम ॲस्बेस्टॉस म्हणजे काय ते पाहू. तो खाणीतून निघणारा दगड आहे. पण दगड असून त्याचे सूत काढता येते. पांढरा, निळा आणि तपकिरी असे त्याचे तीन प्रमुख व्यापारी प्रकार. पांढऱ्यास क्रिसोटाइल म्हणतात, निळ्यास क्रोसिडोलाइट आणि तपकिरीस अमोसाइट. तो जळत नाही, कुजत नाही, उष्णता अडवून धरतो आणि स्वस्त पडतो. बाष्पयंत्राच्या युगाला याहून सोयीचा पदार्थ मिळणे कठीण होते. बॉयलरला त्याचे लिंपण झाले, वाफेच्या नळांना त्याची वेष्टणे झाली, यंत्रांच्या सांध्यांत त्याच्या चकत्या बसल्या. पुढे लुडविग हाचेक नावाच्या ऑस्ट्रियन कारखानदाराने सिमेंटात हे तंतू मिसळून पातळ व टणक पत्रे करण्याची कृती शोधली आणि १९०१ मध्ये तिचे एकस्व घेतले. त्या मालाला त्याने 'एटर्निट' हे नाव दिले. लॅटिन भाषेतील 'चिरंतन' या अर्थाच्या शब्दावरून ते घेतले आहे. खुद्द 'ॲस्बेस्टॉस' हा शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ 'न विझणारा' असा होतो. ही नावे किती खरी ठरणार आहेत याची त्या काळी कोणास कल्पना नसावी.

अपाय कसा होतो? आपल्या घरची धूळ गोल कणांची असते. तिच्यातील मोठे कण नाकाच्या केसांत व घशाच्या ओलाव्यात अडकतात. ॲस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जातो. एकाचे दहा, दहांचे शंभर असे तो बारीक बारीक होतो. हे तंतू केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही बारीक असू शकतात. डोळ्यांना ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही, त्यांनी ठसका लागत नाही. स्तब्ध हवेतही ते कित्येक तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. तेथून त्यांतील पुष्कळसे परत येत नाहीत. फार धूळ खाल्ली तर फुप्फुस घट्ट होऊन दम लागतो. त्यास ॲस्बेस्टोसिस म्हणतात. त्याखेरीज फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि धूम्रपान करणाऱ्यास त्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. तिसरा रोग मेसोथेलिओमा. हा फुप्फुसाभोवतीच्या किंवा पोटातील पातळ आवरणाचा कर्करोग असून तो क्वचितच बरा होतो. १९६० मध्ये वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील अशा ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येकांनी खाणीत कधी काम केले नव्हते. ते केवळ निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरात राहिलेले होते.

या रोगाची सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे त्याचा धीर. धूळ आज पोटात गेली आणि रोग उद्या झाला, असे होते तर मुकादमाला समजावून सांगावे लागले नसते. येथे श्वास आणि रोग यांत वीस, तीस, चाळीस वर्षांचे अंतर असते. तोवर ठेकेदार बदललेला असतो, कंपनी बुडालेली असते, आणि रोग्यासही त्या उन्हाळ्याची आठवण उरलेली नसते.

हे सारे एका नगराने कसे भोगले आणि त्यातून तेथे काय मार्ग काढला, ते आता सांगतो. इटलीच्या वायव्येस, पो नदीच्या काठी कासाले मोन्फेर्रातो नावाचे गाव आहे. वस्ती पस्तीस हजारांच्या आतबाहेर. आसपास द्राक्षांचे मळे, आणि सिमेंटाला लागणारा दगड मुबलक. १९०७ मध्ये तेथे एटर्निटचा कारखाना सुरू झाला आणि पुढे तो युरोपातील या मालाच्या सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जाऊ लागला. पत्रे आणि मोठाले पाण्याचे नळ तेथे होत. नळांसाठी निळा ॲस्बेस्टॉसही वापरीत. कारखान्यात लागणे म्हणजे जन्माची ददात मिटली, असे गावात मानीत. मुंबईतील गिरणीच्या नोकरीविषयी आपल्याकडे कोकणात किंवा घाटावर एके काळी जी भावना होती, तीच ही.

नळ लेथवर घासून सारखे करताना बारीक भुकटी पडे. तिला तेथील लोक 'पोल्व्हेरीनो' म्हणत. ही भुकटी टाकून न देता कारखाना ती लोकांना देई. लोकांनी ती आनंदाने नेली. कोणी माळ्यावर पसरली, कारण तिने थंडी अडते. कोणी अंगणात चोपली, कारण तिने चिखल होत नाही. रस्त्यांवर आणि खेळण्याच्या जागांवरही ती पडली. फुटके नळ उघड्यावर यंत्राखाली चिरडीत. कारखान्याच्या सांडपाण्याबरोबर वाहून आलेल्या गाळाची नदीकाठी एक पुळण तयार झाली आणि उन्हाळ्यात पोरे तिच्यावर पडून ऊन खात. नवऱ्याचे कामाचे कपडे बायका घरी झटकून धूत. अशा रीतीने जी धूळ कारखान्याच्या भिंतींआड राहावयाची ती गावाच्या घराघरांत गेली.

१९८६ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि कारखाना बंद पडला. एका परदेशी कंपनीने तो पुन्हा चालू करण्याची तयारी दाखविली होती. नोकऱ्या हव्याच होत्या. तरीही गावाने नको म्हटले. १९८७ च्या डिसेंबरात नगराच्या महापौरांनी हुकूम काढून आपल्या हद्दीत ॲस्बेस्टॉसच्या वापरास बंदी केली. देशाने तसा कायदा केला तो १९९२ मध्ये. एका लहान गावाने आपल्या सरकारच्या चार वर्षांहून अधिक काळ आधी हे पाऊल टाकले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रोमाना ब्लासोत्ती पावेसी या बाई तेथील पीडितांच्या संघटनेच्या अनेक वर्षे अध्यक्षा होत्या. त्यांचे पती कारखान्यात कामाला होते. पती, बहीण आणि मुलगी यांसह घरातील पाच माणसे त्यांनी या एका रोगाने गमावली. २०२४ मध्ये त्या वारल्या. कंपनीच्या एका माजी मालकावर चाललेल्या नंतरच्या खटल्यात ३९२ मृत्यूंचा उल्लेख होता. त्यांपैकी ६२ कामगार होते आणि ३३० साधे रहिवासी. या एका आकड्यात साऱ्या विषयाचे सार आहे. धूळ भिंत ओळखत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. असा कारखाना बंद पडला. छपरे गळू लागली, खिडक्या फुटल्या, आत पोती, भुकटी, नळांची वेष्टणे तशीच पडून. काय करावे? सरळ उत्तर असे की, पाडून टाकावा. आणि हेच उत्तर सर्वांत धोक्याचे आहे. घण मारला की दगडात अडकून बसलेले तंतू मोकळे होतात. ॲस्बेस्टॉस काढण्याच्या शास्त्राचा गाभा एका वाक्यात सांगावयाचा तर असा : तंतू हवेत उठू द्यावयाचा नाही. पुढचे सगळे नियम या एका नियमाची फोड आहेत.

पहिले काम हत्याराचे नसून वहीचे आहे. इमारतीचा कोपरा न् कोपरा पाहून कोठे कोणता माल आहे त्याची नोंद करावी लागते. शंका येईल तेथला लहानसा नमुना ओला करून घ्यावयाचा, तपासणीस पाठवावयाचा, आणि नकाशावर खूण करावयाची. माल दोन जातींचा असतो. बॉयलरवरचे लिंपण, नळांची वेष्टणे, भिंतींवर फवारलेला थर हा हाताने चुरगळणारा, म्हणून फार धोक्याचा. सिमेंटचा पत्रा किंवा नळ हा घट्ट बांधलेला. तो अखंड आहे तोवर त्याचा धोका कमी. या दोहोंची काढण्याची रीत वेगळी. इटलीत कामाचा आराखडा काम सुरू होण्याच्या तीस दिवस आधी आरोग्यखात्याकडे द्यावा लागतो. येथे कोणी म्हणेल, ही सरकारी दिरंगाई झाली. परंतु ज्या कामात घाईने माणसे मरतात त्या कामात तीस दिवस फार नव्हेत.

चुरगळणाऱ्या मालासाठी ती खोली प्लास्टिकच्या जाड कागदाच्या दुहेरी थरांनी आतून पूर्ण बंद करतात. मग यंत्राने आतली हवा सतत बाहेर ओढतात. पण बाहेर सोडण्यापूर्वी ती अशा गाळणीतून नेतात की सूक्ष्म कणांपैकी दहा हजारांतले जेमतेम तीन निसटावेत. आत हवेचा दाब बाहेरपेक्षा थोडा कमी राहतो. म्हणून कोठे फट राहिलीच तर बाहेरची हवा आत येते, आतली बाहेर जात नाही. काम सुरू करण्यापूर्वी आत धूर सोडून फटी शोधतात. युक्ती साधी आहे, पण किती विचारपूर्वक केलेली आहे पाहा.

माणसांची वाट वेगळी. आत जाण्यायेण्यासाठी एकापुढे एक अशा लहान खोल्या असतात. पहिलीत घरचे कपडे उतरवून टोपीसह अंगभर झगा आणि चेहरा झाकणारा, गाळणीचा मुखवटा चढवावयाचा. परत येताना मळक्या खोलीत झगा उतरवून तेथेच पिशवीत टाकावयाचा, मुखवटा तोंडावर ठेवूनच स्नान करावयाचे, आणि स्वच्छ होऊन पलीकडे निघावयाचे. अंघोळीचे पाणीसुद्धा गाळून सोडतात. कासालेच्या बायका ज्या कपड्यांनी आजारी पडल्या ते कपडे घरी जाऊच नयेत, एवढ्यासाठी ही व्यवस्था आहे. आणि ओघात सांगून ठेवतो : रुमाल, उपरणे किंवा पदर हा मुखवटा नव्हे. त्याच्या विणीतून हा तंतू सुखाने आरपार जातो.

प्रत्यक्ष काढताना माल आधी भिजवावयाचा. नुसते पाणी वरून ओघळून जाते. म्हणून त्यात साबणासारखे द्रव्य घालतात, म्हणजे ते आत मुरते. पत्र्यांवर चिकट द्रावण फवारतात, त्याने सुटे तंतू जागीच धरले जातात. मग पत्र्याचे हुक आणि बोल्ट सोडवून तो अखंड उतरवावयाचा. बोल्ट गंजला असेल तर तो कापावा, पत्रा फोडू नये. पत्रा वरून टाकू नये, ओढू नये. दोघांनी धरून खाली द्यावा. खाली तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीने बंद करून त्यावर धोक्याची खूण लावावी. वेगाने फिरणारी करवत वर्ज्य. कोरडा झाडू वर्ज्य. जमिनीवरची धूळ ओल्या फडक्याने किंवा त्याच बारीक गाळणीच्या, धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राने उचलावी. आणि एक सूचना आमच्या अनुभवातली : जुना सिमेंटचा पत्रा माणसाचा भार झेलीत नाही. त्यावर पाय देऊन खाली पडून माणसे मेलेली आहेत. कैच्यांवर फळ्या टाकल्याशिवाय कोणास वर चढवू नये.

काम झाले हे कोणी ठरवावयाचे? ठेकेदाराने नव्हे. आधी तपासनीस डोळ्यांनी पाहतो. कोठे बोटाला धूळ लागली तर पुन्हा धुणे. मग हवेची तपासणी. युरोपातील देशांनी २००३ मध्ये कामगारासाठी हवेच्या एका घनसेंटिमीटरला ०.१ तंतू अशी मर्यादा घातली, म्हणजे लिटरला १००. २०२३ मध्ये ती दसपट कडक करून लिटरला १० वर आणण्याचा निर्देश निघाला. इटलीच्या १९९४ च्या नियमाप्रमाणे मात्र बंदिस्त खोली पुन्हा लोकांसाठी खुली करावयाची तर लिटरभर हवेत दोनांहून अधिक तंतू चालत नाहीत, आणि ते मोजावयाचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. जो दिवसभर मुखवटा घालून राबतो त्याची मर्यादा वेगळी, आणि ज्या खोलीत उद्या पोरे खेळतील तिची वेगळी.

कासालेला हे सर्व केवळ कारखान्यापुरते करून भागले नाही. माळ्यांवरची भुकटी घरोघर जाऊन यंत्राने ओढून काढावी लागली. अंगणे उकरावी लागली किंवा काँक्रीटने झाकावी लागली. नदीकाठची पुळण साफ करावी लागली. १९९८ मध्ये सरकारने कासाले आणि भोवतालची मिळून ४८ गावे राष्ट्रीय महत्त्वाचे शुद्धीकरणक्षेत्र म्हणून ठरविली. कारखान्याची जागा नगरपालिकेने ताब्यात घेतली. आतील माल काढून, इमारती शुद्ध करून मग त्या पाडल्या, आणि जमीन झाकून बंद केली. २०१६ च्या सप्टेंबरात त्या जागी बाग खुली झाली. तिचे नाव 'एटर्नॉट', म्हणजे 'एटर्निट आता नाही' अशा अर्थाचे. कारखाना बंद पडल्यापासून बाग होईपर्यंत तीस वर्षे गेली. एवढे करूनही रोग थांबलेला नाही; कारण आजचे रोगी हे जुन्या श्वासांचे रोगी आहेत. स्वच्छतेचे फळ पुढच्या पिढीने घ्यावयाचे असते.

आता एक अवघड प्रश्न. काढलेला ॲस्बेस्टॉस जातो कोठे? आमचे उत्तर आपणास कदाचित निराश करील. तो कोठेच जात नाही. जाळावा तर जळत नाही, पुरावा तर कुजत नाही. हजार अंशांहून पुष्कळ अधिक उष्णतेत वितळवून त्याची निरुपद्रवी काच करता येते, आणि फ्रान्समध्ये मोर्सेन्स येथे तसा कारखानाही उभारला गेला. पण त्याला वीज आणि पैसा फार लागतो. म्हणून बहुतेक ठिकाणी तो गुंडाळलेल्या स्थितीत खास राखून ठेवलेल्या भूमीत पुरतात, त्यावर माती घालतात, आणि ती जागा नकाशावर कायमची नोंदवितात, म्हणजे शंभर वर्षांनी कोणी तेथे विहीर खणावयास येऊ नये. कासालेतही अशी जागा आहे. आपण ज्याला विल्हेवाट म्हणतो ती येथे नसतेच. येथे असते ती राखण. राखण म्हटली की राखणदार आला, नोंदवही आली, आणि दरसालचा खर्च आला.

म्हणून काही वेळा न काढणे हेच शहाणपणाचे ठरते. इटलीचे नियम तीन उपाय सांगतात : काढणे, लेप देऊन बंद करणे, आणि वर दुसरे आवरण घालून झाकणे. पत्रा धड असेल, कोणी त्याला हात लावीत नसेल, तर लेप देऊन आणि दरसाल पाहणी करून तो काही वर्षे तसाच ठेवता येतो. छप्पर फुटके असेल, इमारत पाडावयाचीच असेल, किंवा माल चुरगळणारा असेल, तर मात्र काढलाच पाहिजे, आणि पाडण्याच्या आधी काढला पाहिजे. आज घरी जाऊन आपल्या छपराकडे भीतीने पाहू नका. डोक्यावर शांत पडलेला धड पत्रा वैरी नव्हे. त्याच्यावर घण उचलणारा हात त्याला वैरी करतो.

आता आपल्या दाराशी येऊ. आपल्या देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणींना १९८६ पासून नवे पट्टे देणे थांबले. परंतु परदेशातून पांढरा ॲस्बेस्टॉस आणून पत्रे करण्याचा धंदा चालूच आहे. शाळा, गोठे, बाजारपेठा, चाळी, कारखाने, कोठे कोठे तो पत्रा नाही? २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सांगितले की, प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या प्रारंभापासून किमान ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर ठेवली पाहिजे. चाळीस वर्षे का, हे आता आपणास सांगावयास नको. २००६ मध्ये फ्रान्सची 'क्लेमान्सो' ही जुनी विमानवाहू नौका गुजरातेत अलंगला मोडावयास येत होती. तिच्या पोटातील ॲस्बेस्टॉसवरून वादळ उठले आणि तिला अर्ध्या वाटेवरून परत नेण्यात आले. नौका परत जाऊ शकते. आपल्या गावातील बंद शेड कोठे परत जाणार? ती आपणच उतरवावयाची आहे.

आणि ती उतरविणारी माणसे कारखान्याच्या हजेरीपटावर नसतात. ती नाक्यावरची बिगारी माणसे, भंगारवाल्यांची पोरे. त्यांची नोंद कोणत्याच वहीत नसते. मग चाळीस वर्षे ती राखणार कोण? आमच्या मते या प्रश्नाचे उत्तर ठेक्याच्या कागदातच लिहिले पाहिजे. पाडण्याच्या निविदेत पहिली बाब पाहणीची असावी, दुसरी ॲस्बेस्टॉस उतरविण्याची, आणि तिचा दर वेगळा असावा. त्या दरात पाणी, द्रावण, मुखवटे, प्लास्टिक आणि अधिकृत जागेपर्यंतचे भाडे धरलेले असावे. आपल्या राज्यात तळोजे, रांजणगाव, बुटीबोरी येथे धोकादायक औद्योगिक कचऱ्यासाठी राखलेल्या जागा आहेत. आणि ॲस्बेस्टॉसचा औद्योगिक कचरा २०१६ च्या नियमांनुसार याच वर्गात मोडतो. नगरपालिकेने पाडण्याची परवानगी देताना एवढेच विचारावे : "छप्पर कसले आहे, आणि ते कोठे नेणार?" या एका प्रश्नाला कायद्याचे नवे पुस्तक लागत नाही.

घरच्यांसाठी चार गोष्टी सांगून आवरते घेतो. सिमेंटच्या पत्र्यावरचे शेवाळ तारेच्या ब्रशाने कोरडे घासू नका. त्याला भोक पाडू नका, तो कापू नका. उतरवावा लागलाच तर भिजवून, हुक सोडवून, अखंड उतरवा, आणि लहान मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. फुटके तुकडे अंगणात चिखलावर भर म्हणून टाकू नका, दुसऱ्यालाही फुकट देऊ नका. कासालेच्या लोकांनी भुकटी फुकट मिळते म्हणून नेली होती.

त्या मुकादमाला आम्ही त्या दिवशी नीट उत्तर दिले नाही. टँकरचे पैसे कोण देणार, असे तो विचारीत होता. पैसे कोणी तरी देतोच. जागेचा मालक देत नसेल, ठेकेदार देत नसेल, नगरपालिका देत नसेल, तर ते त्या बाईच्या आणि तिच्या मुलाच्या छातीतून वसूल होतात, आणि त्याची पावती तीस वर्षांनी फाटते. आमच्या हातून ज्यांच्या नावे अशा पावत्या फाटल्या असतील त्यांची नावेही आम्हांस सांगता येत नाहीत. निदान यंदाच्या उन्हाळ्यात, मृगाच्या आत, आपल्या गल्लीत कोठे घण वाजत असेल तर आपण तेथे थांबावे आणि विचारावे, एवढीच आमची आपणांस विनंती आहे.